सव्वादोनचा मेसेज

घोडपदेवच्या चाळीतल्या बारा बाय दहाच्या खोलीत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं तरी कधी, हा प्रश्न ज्यांच्याकडे दोन-दोन बेडरूम आहेत त्यांना पडत नाही. अक्षदा लग्न होऊन आली तेव्हा तिलाही पडला नव्हता. शीवला तिच्या माहेरी जागा मोठी नव्हती, पण आतल्या खोलीला निदान एक दार होतं. इथे दार एकच, तेही गॅलरीत उघडणारं आणि दिवसभर सताड उघडं. येताजाता कुणीही डोकावून 'जेवलात काय' विचारणार. पलंगावर सासूबाई, म्हणजे जाईबाई, टीव्ही बघत बसलेल्या. कोपऱ्यात हातभर उंचीच्या कठड्याची मोरी. मग नवराबायकोनं तोड काढली. हितेंद्र भिंतीला टेकून, अक्षदा ओट्यापाशी, मध्ये जेमतेम चार हातांचं अंतर, आणि दोघं एकमेकांना फोनवर लिहायची. 'उद्या लवकर ये.' 'आमटी खारट झालीये, आईला बोलू नकोस.' वर बघायचं नाही आणि हसायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं.

“काय गो, त्या फोनात सोना गावला काय तुका?” जाईबाई विचारायच्या, आणि अक्षदा फोन पालथा घालून भांड्यांना लागायची.

पण लिहिणंही आटतं. पाचव्या वर्षापर्यंत ते 'दूध आण' आणि 'बरं' एवढ्यावर आलं. भांडण असं काही नव्हतं. असतं तर एक वेळ परवडलं असतं, माणूस तावातावानं का होईना, काहीतरी बोलतो. हितेंद्र लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामाला होता. दिवसभर गिरण्यांच्या जागी उठलेल्या टॉवरांतून वरखाली करून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. अक्षदाला एक दिवस वाटलं, पुरे झालं. सकाळी तिनं बॅगेत चार साड्या आणि दोन ड्रेस भरले, बॅग घेऊन ती परळच्या लॅबमध्ये कामावर गेली. संध्याकाळी तिथूनच शीवला जायचं आणि परत यायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

त्या दुपारी सव्वादोन वाजता, काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर, हितेंद्रचा मेसेज आला. 'जाऊ नकोस. मला बोलता येत नाही. पण तू नसलीस तर या खोलीत मी कुणासाठी येऊ?' तिनं तो पुरता वाचला नाही तोच मेसेजच्या कडेला एक बारीक लाल फुली उमटली. म्हणजे त्यानं लिहिलं होतं आणि लगेच काढून टाकलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या फोनवर तो मेसेज दिसलाच नसता. पण अक्षदाच्या फोनमध्ये चॅटचं मूळ अ‍ॅप नव्हतं. लॅबमधल्या आकांक्षानं तिला बाहेरचं एक घालून दिलं होतं, कुणी बनवलं देव जाणे. त्यात रंगबिरंगी अक्षरं होती, आणि समोरच्यानं खोडलेलं त्यात तसंच राहायचं. आकांक्षा म्हणाली होती, “मज्जा आहे बघ, सगळ्यांची लफडी कळतात.” अक्षदाला ही मजा कळली. ती बॅग घेऊन घरी आली. हितेंद्रनं बॅगेकडे पाहिलं, उचलली, माळ्यावर टाकली आणि हातपाय धुवायला गेला. अक्षदानं चहाचं आधण ठेवलं.

तेव्हापासून रोज सव्वादोनला एक मेसेज यायचा आणि मिनिटाच्या आत त्यावर लाल फुली पडायची. 'आल्या आल्या मला काही विचारू नकोस, पंधरा मिनिटं दे.' 'आज बाबांची आठवण आली.' 'निळा ड्रेस घालशील का?' अक्षदा यातलं एक अक्षर उघड करायची नाही. पंधरा मिनिटं द्यायची. गेलेल्या सासऱ्यांना आवडायची तशी मुगाच्या आमटीला लसणाची फोडणी घालायची. निळा ड्रेस दोन दिवस मध्ये जाऊ देऊन तिसऱ्या दिवशी घालायची, म्हणजे संशय नको. आणि हितेंद्रही बदलला. मोरीला त्यानं आपल्या हातानं पडदा लावला. तिची पाठ दुखत असली की न सांगता पाण्याची पिंपं भरायचा. तीन वर्षांत संसार असा रुळावर आला की चाळीतल्या बायका तोंडावर म्हणायला लागल्या, “नशीब काढलंस हो अक्षदा.”

एका सोमवारी फोन उघडला तर आत काहीच नव्हतं. फक्त एक पाटी: तुम्ही वापरत असलेलं अ‍ॅप आमचं नाही, मूळ अ‍ॅप टाका.

“सगळ्यांचंच बंद झालं गं,” आकांक्षा म्हणाली. “बाहेरची अ‍ॅपं, जुनी अ‍ॅपं, सगळ्यांना कंपनीनं हाकललंय. ओरिजिनल टाक, नाहीतर नंबरच जाईल कायमचा.”

अक्षदानं टाकलं. तीन वर्षांचं लिहिलेलं सगळं गेलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही; आलेल्या पेशंटचं नाव तिनं नीट लिहून घेतलं, पावती फाडून दिली. सव्वादोनला हितेंद्रच्या नावासमोर करड्या अक्षरांत ओळ आली: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे. ती त्या ओळीकडे बघत राहिली. मंगळवारी तशा दोन ओळी आल्या. बुधवारी पाच. शुक्रवारी मोजायचं सोडून दिलं, बोटानं वर सरकवत राहिली तरी त्याच ओळी, एकीखाली एक.

घरी हितेंद्र आला की काय करावं ते तिला कळेना. चहा द्यावा की थांबावं? तोही दारात चप्पल काढून नुसताच उभा राहायचा, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. दोघं एकमेकांना वाट देत, धक्का न लावता वावरायची. तिला दुःख होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं.

त्या शनिवारी जाईबाई गावी गेल्या. देवगडकडच्या घराची कौलं परतायची होती, महिनाभर येणार नव्हत्या. रविवारी आठ वर्षांत पहिल्यांदा खोलीत दोघंच होती. अक्षदानं दार लोटून घेतलं, पानं वाढली, आणि बसल्यावर विचारलं.

“रोज दुपारी काय लिहितोस? आणि काढून का टाकतोस?”

हितेंद्रनं घास खाली ठेवला. “मी? लिहून तू काढतेस.”

“मी कधीच काही काढलेलं नाही.”

“अक्षदा, मला दिसायचं सगळं,” तो हळू आवाजात म्हणाला. “कामावरच्या शिवानं मला बाहेरचं अ‍ॅप घालून दिलं होतं. सोमवारी ते बंद पडेपर्यंत तीन वर्षं वाचत होतो. मुद्दामच बोललो नाही. बोललो असतो तर तू बंद केलं असतंस.”

“काय लिहायचे मी?”

“मोरीचं लिहिलंस. अंघोळ करताना कठड्यावरून आईची पाठ दिसते, मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणून. मग पडदा लावला ना मी.”

हे खरं होतं. तिला अगदी असंच वाटायचं, आणि ते तिनं माहेरी आईलाही सांगितलेलं नव्हतं. तिनं पाण्याचा एक घोट घेतला.

“आणि बॅग? मी चालले होते त्या दिवशी. जाऊ नकोस, असं तू लिहिलंस म्हणून परत आले.”

“तू चालली होतीस?” हितेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. “मला माहीतच नव्हतं. तूच लिहिलं होतंस की, बॅग माळ्यावर टाक, परत माझ्या हाताला लागायला नको. म्हणून टाकली.”

दोघांनी फोन पुढ्यात शेजारी शेजारी ठेवले. तिच्या फोनवर त्याच्या नावानं करड्या ओळी, त्याच्या फोनवर तिच्या नावानं, वेळासुद्धा त्याच. बघता बघता सव्वादोन झाले. दोघांचे हात मांडीवर होते. दोन्ही फोन एकदमच वाजले, दोन्हींवर काहीतरी आलं, आणि वाचायच्या आत तिथे करडी ओळ झाली.

मग हितेंद्रनं दोन्ही फोन बंद करून तांदळाच्या डब्यामागे सरकवले.

“पण तुझ्या मनातलं होतं ना ते? पडद्याचं वगैरे?”

“होतं. आणि तुझं? मी नसले तर कुणासाठी यायचं, ते?”

तो खाली बघत म्हणाला, “होतं.”

“मग आता तोंडानं सांग,” अक्षदा म्हणाली. या आठवड्यात पहिल्यांदा तिला काहीतरी वाटत होतं. “दार लावलेलं आहे. कुणी नाहीये. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, नाहीतर मी इथे का आहे तेच मला कळणार नाही.”

हितेंद्रनं मान वर केली आणि बोलायला लागला. सुरुवातीला अडखळत, मग न थांबता. तिचं नाव त्यानं दोनदा घेतलं. त्याचे डोळे भरून आले. अक्षदाच्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. तिनं हात पुढे केला, त्याच्या मनगटावर ठेवला, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

उत्तर कशाचं द्यायचं ते तिला आठवेना. तो बोलला होता, तिनं ते ऐकलंही होतं. पण काय बोलला त्यातला एक शब्दही मागे उरला नव्हता, फोनवरच्या त्या करड्या ओळींमागे उरत नाही तसा. छातीतलं सुटल्यासारखं वाटणंही थांबलं. आपला हात त्याच्या मनगटावर का आहे, असं वाटून तिनं तो मागे घेतला.

“परत सांग ना,” ती म्हणाली.

“काय?”

“आत्ता बोललास ते.”

“मी कुठे काय बोललो? मघापासून तुझ्याच बोलण्याची वाट बघतोय.” त्याच्या गालावरून पाणी ओघळत हनुवटीपर्यंत आलं होतं. त्यानं ते उलट्या हातानं पुसलं आणि ओल्या हाताकडे पाहिलं.

“घाम किती आलाय,” तो म्हणाला, आणि पंखा वाढवायला उठला.