पहिल्या ओळीतलं श्री

सत्त्याऐंशी साली आमच्या पिरंगुटच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एसी बसवला, एसीसाठी खोली बांधली आणि खोली ओकीबोकी दिसू नये म्हणून त्यात मला बसवलं. त्याआधी मी ग्राइंडिंगला होतो. तिथे बारा महिने उन्हाळा असतो. त्यामुळे कॉम्प्युटरविषयी माझं मत पहिल्या दिवसापासून अतिशय चांगलं होतं.

मशीन युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचं. युनिक्स म्हणजे काय, हे मला चंद्रकलाबाईंनी समजावलं. त्या पुण्यात कोर्स केलेल्या, भूगावहून बसने यायच्या.

"बहिरू, ह्याला बंद करून चालू केलं की कायबी आठवत न्हाई. आपण कोण, डिस्क कुठली, प्रिंटर कुटं लावलाय, काय न्हाई."

"आमच्या मामासारखं. लग्नाच्या वरातीनंतर."

"मग मामाला कोण आठवण करून देतं?"

"मामी."

"ह्याच्यात एक फाईल हाय, ती म्हणजे मामी समज."

मशीन उठलं की ती फाईल वरून खाली एकेक ओळ वाचायचं. आधी डिस्क तपास, मग जोडून घे, मग प्रिंटरला जागं कर, आणि शेवटी स्टोअर, हिशेब, डिस्पॅच इथल्या पडद्यांवर लॉगिन उमटव. क्रम चुकला तर डिस्कवरचा माल नासायचा. म्हणून मशीन बसवणाऱ्याने त्यात नियमच घालून ठेवला होता: एक ओळ फसली की तिथंच थांबायचं. मामीचंही असंच आहे. मामाने तोंड धुतल्याशिवाय ती चहाकडे वळत नाही.

आणि मशीनला उठायचा सराव भरपूर होता. धरण आमच्या तालुक्यात, वीज मुंबईला, त्यामुळे आमच्याकडे ती पाहुणी म्हणून यायची.

मालक साहेबराव शेठ यांचा मात्र विश्वास बसत नव्हता. त्यांनी जाहीर केलं, "दसरा झाला की सोमवारी मी स्वतः बटण दाबणार. आपलं आपण उठलं तर ठेवू. न्हाई उठलं तर मशीन पुण्याला परत, आन बहिरू ग्राइंडिंगला परत."

मशीनला याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. हळदकुंकू वाहून झाल्यावर हेडक्लार्क ज्ञानदेवअण्णांनी विचारलं, "हे उठल्यावर पयलं काय वाचतं?" चंद्रकलाबाईंनी ती फाईल पडद्यावर उघडून दाखवली आणि त्या पेढे घ्यायला गेल्या. मी आधीच तिकडे होतो.

अण्णांनी फाईल पाहिली. वर श्री नव्हतं. अण्णांच्या नोकरीत या कारखान्यातला एकही कागद श्रीशिवाय सुरू झाला नव्हता. कामगारांनी संपाची नोटीस दिली, तेव्हा तिच्यावरसुद्धा त्यांनी स्वतःच्या पेनने श्री घालून मगच ती शेठच्या टेबलावर ठेवली होती. टायपिंग त्यांना येत होतं. मशीनला मराठी येत नव्हती, म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरांत श्री लिहिलं, फाईल जतन केली, नमस्कार केला आणि तेही पेढ्यांकडे आले.

त्यानंतर सोमवारपर्यंत वीज गेलीच नाही. याला आम्ही शुभशकुन समजलो.

सोमवारी मशीन बंद केलं आणि शेठनी बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, पडद्यावर एक ओळ उमटली आणि सगळं थांबलं. शेठनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "श्री... नॉट... फाऊंड." मग ते अण्णांकडे वळले. "हे काय म्हणतंय?"

"सापडंना म्हणतंय," अण्णा खुर्ची शोधत म्हणाले.

"आपल्या कारखान्यात?"

चंद्रकलाबाई पुढे झाल्या. "शेठ, ह्याला प्रत्येक ओळ हुकूम वाटते. श्री नावाचा प्रोग्रॅम हुडकतंय. मिळंना, म्हणून थांबलंय."

"मग ती ओळ पुसून टाका," मी घाईने म्हणालो. ग्राइंडिंगचा आवाज खोलीपर्यंत येत होता.

"पूजेला लिवलेलं श्री पुसायचं? तुझ्या बापानं पुसलं व्हतं कदी?" शेठ कडाडले.

"बरं, पुसत न्हाई," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "त्याच्यापुढं ही दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची खूण घालते. मग मशीन ती ओळ वाचतच न्हाई."

"देवापुढं जाळी लावता?" अण्णा उठून उभे राहिले. "आन कुणी वाचणारच न्हाई तर लिवायचं कशाला?"

"अण्णा, रागवू नका. आमच्या घरी वर जयभीम लिवत्यात. त्ये घातलं असतं तरी हे असंच म्हणालं असतं. मशीनला कुणाचंच कौतुक न्हाई."

शेठनी मशीनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत मला ग्राइंडिंगचा माझा जुना चष्मा स्पष्ट दिसला.

"शेठ," मी म्हणालो, "त्ये हुडकतंय ना? मग सापडू दे की त्याला. श्री नावाचा प्रोग्रॅमच करू."

"आन त्यानं करायचं काय?"

"कायच न्हाई. तुमच्या मेव्हण्यांसारखं. नुसतं असायचं, आन कुणी इचारलं की सगळं ठीक हाय म्हणायचं."

शेठ हसले नाहीत, पण मेव्हण्यांचं नाव निघाल्यामुळे मुद्दा त्यांच्या चटकन ध्यानात आला.

चंद्रकलाबाईंनी दोन हुकूम दिले. एकाने श्री नावाची फाईल तयार झाली, दुसऱ्याने तिला चालायची परवानगी मिळाली.

"आत काय लिवलं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई. कोरी फाईल. ही चालवली की मशीन कायबी न करता यशस्वी हुतं."

अण्णा म्हणाले, "बरोबर हाय. गाभाऱ्यात सामान कमीच असावं."

शेठनी पुन्हा बटण दाबलं. मशीनला श्री सापडलं. मग डिस्क तपासून झाल्या, जोडून झाल्या, प्रिंटरने घसा खाकरला, आणि स्टोअरमधून कोंडाजी ओरडला, "आलं! लॉगिन आलं!"

शेठना इतका आनंद झाला की त्यांनी परत बंद करून परत चालू केलं. मग परत. तेव्हा चंद्रकलाबाईंनी बटणावर हात ठेवला. "शेठ, असं सारखं केलं तर डिस्क जाईल."

"राहू दे मग. मशीन हितंच राहणार." शेठ दाराकडे निघाले आणि अर्ध्यातून वळले. "पर आता हे आपलं आपण उठतंय. मग ह्या बहिरूचं हितं काय काम?"

याचा विचार मी केला नव्हता. चंद्रकलाबाईंनीही केला नव्हता. एसी चालू होता, तरी मला घाम फुटला.

"शेठ," अण्णा म्हणाले, "उठलंय हे तुमाला येऊन कोण सांगणार?"

शेठनी मशीनकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "त्ये काय हे सांगत न्हाई."

तेव्हापासून वीज येऊन मशीन उठलं, की मी शेठच्या केबिनमध्ये जातो.

"शेठ, उठलं."

"बरं," शेठ म्हणतात, आणि मी परत गारव्यात जाऊन बसतो.