बाबांच्या बावीस ओळी

लोकांच्या स्लाइड नीटनेटक्या करून देणं हाच तिचा धंदा. बँकवाले, औषधवाले, सगळे तिच्याकडे यायचे. पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यापुढे लॅपटॉप सरकवला, तेव्हा ती मनातून हरखली. बाबा पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनियर. दोन दिवसांनी मोठ्या गिऱ्हाइकासमोर नवा पंप मांडायचा होता.

पहिलीच स्लाइड बघून तिने कपाळाला हात लावला. "बाबा, बावीस ओळी? केवढं बिऱ्हाड मांडलंय हे! लोक वाचत बसले, तर तुमचं ऐकणार कोण?"

"असू दे गं. मला बरं पडतं."

"पडद्यावर एक चित्र, एक वाक्य. बाकीचं तुम्ही बोला. झोपेतून उठवलं तरी पंप तोंडपाठ आहे तुम्हाला."

ते काहीतरी बोलायला गेले, मग "बघ तुला पटेल तसं" म्हणून उठले. तिने दिवसभर बसून मजकुराला कात्री लावली. उरली मोठी, स्वच्छ चित्रं आणि गळती निम्म्यावर आल्याचा एक ठसठशीत आकडा.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी ती हौसेने मागच्या खुर्चीत जाऊन बसली. तीन स्लाइड झोकात गेल्या. चौथीवर पंपाच्या पोटातल्या नव्या झडपेचं नुसतं चित्र होतं. बाबांनी त्याकडे बोट केलं.

"ही जी... ही जी आपली..."

पुढचा शब्द येईना. त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत धुंडाळला. तिथे एक अक्षर नव्हतं. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. बाजारात हात सुटलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

ती उठली. "झडप," म्हणाली, आणि आपणच वगळलेल्या ओळी आठवतील तशा सांगत शेवटापर्यंत गेली. गिऱ्हाईक खूश झालं. प्रश्न मात्र सगळे तिलाच विचारले गेले.

गाडीत बाबा म्हणाले, "वर्ष होत आलं. शब्द जिभेवर येतो नि निसटतो. म्हणून सगळं लिहून ठेवायचो."

"मला सांगायचं नाही का हो?"

"लाज वाटली. आणि तू इतकी रमली होतीस, कशाला हिरमोड करायचा?"

तिला स्टिअरिंग धड दिसेना. तिने गाडी कडेला घेतली आणि ती पदराआड नाही, उघडपणे, हुंदके देऊन रडली. बाबा तिची पाठ थोपटत राहिले.

आईला त्यांनी स्वतःच सांगितलं. पुढच्या महिन्यात कारखाना सोडला. निरोपाच्या वेळी भाषण केलं नाही. एकेकाचा हात हातात घेतला, बस.