उन्हाचे तीन श्लोक

मोरोपंत शास्त्र्यांनी आयुष्यात माणसाचे हाड एकदाच हातात घेतले होते, आणि तेही पत्नीचे, तिसऱ्या दिवशी, विझलेल्या चितेतून. एरवी हाडांविषयी त्यांना ठाऊक होते ते सगळे पोथ्यांतले. एका जुन्या संहितेत देहाच्या अस्थी तीनशे साठ सांगितल्या आहेत, दुसरीत तीनशे. या साठ हाडांच्या तफावतीवर त्यांनी चाळीस पानांचा निबंध लिहिला होता आणि तो वाचून पुण्याच्या दोन विद्वानांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले होते. त्यांची मुलगी चारुशीला नागपुरास वैद्यकी शिकून आली, तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले की मोठ्या माणसाची हाडे दोनशे सहा भरतात आणि ती कोणालाही मोजून पाहता येतात. मोजून पाहण्याचा हा मार्ग मोरोपंतांना विद्वत्तेस फारसा शोभणारा वाटला नव्हता.

म्हणून सन चौतीसच्या कार्तिकात, अमरावतीच्या घरी, तिने त्यांच्या लिहिण्याच्या चौरंगावर कमरेचे हाड आणून ठेवले तेव्हा ते अंग चोरून मागे सरले. दवाखान्यात सुइणींना शिकवण्यासाठी ठेवलेले ते हाड होते, बुड नसलेल्या वाडग्यासारखे.

"बाबा, यातून मूठ घाला."

शिवल्यास स्नान पडेल, असे ते म्हणाले. पाणी तापत ठेवले आहे, असे ती म्हणाली. त्यांनी मूठ घातली; ती आरपार गेली. मग तिने मधोमध भोक कापलेला एक पुठ्ठा पुढे केला. भोक तिकोनी होते, तिन्ही बाजूंनी आत दाबल्यासारखे. त्यातून शास्त्रीबुवांची तीन बोटे गेली आणि अडकली.

"हे खुशालरावांच्या सुनेचं माप आहे. सिंधूचं."

खुशालराव देशमुख म्हणजे अचलपूरकडचे तालेवार. शंभर एकर काळी जमीन, आणि घरात बायकांना कडक पडदा. सिंधू अकोल्याकडची, चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा बापाच्या शेतात बैलामागे धावणारी मुलगी होती. सात वर्षांत तिने उंबऱ्याबाहेरचे ऊन पाहिले नव्हते. पहिले मूल जगले नाही. दुसरे तीन दिवस अडले आणि मेलेले निघाले. आता चौथा महिना होता. ती बदकासारखी डुलत चाले, आणि पायरी चढायला तिला दोघींचा आधार लागे. चारुशीलेने विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, "मले वाटे, मी जड झाली. मंग समजलं, हाडंच वाकून राहिले."

चारुशीलेने वडिलांना समजावले ते थोडक्यात असे. हाड जिवंत असते; रोज थोडे मोडते आणि रोज बांधले जाते. आत चिवट तंतूंचा सांगाडा, त्यात चुना भरला की कठीणपणा येतो. चुना अन्नातून मिळतो, पण तो रक्तात उतरायला कातडीवर ऊन पडावे लागते. ऊन नसेल तर नवे हाड बिनचुन्याचे, ओल्या मातीसारखे राहते, आणि वरून देहाचा भार पडला की वाकते. त्यात प्रत्येक मूल आपला वाटा आईच्या हाडांतून उचलते. मूल या वेळी पोट कापूनच काढावे लागेल, ते ती काढील. पण सिंधूच्या फासळ्याही दबल्या होत्या, श्वास उथळ झाला होता, आणि या स्थितीत क्लोरोफॉर्म दिला तर ती टेबलावरून उठणार नव्हती. रोज ऊन आणि पोटात माशाचे तेल, एवढे पाच महिने मिळाले तर उठेल.

"मग दे," मोरोपंत म्हणाले.

तेल दिले होते. सासू पार्वताबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. माशाचे तेल सुनेच्या पोटात घालणे त्यांना पाप वाटले आणि फेकणे नुकसानीचे वाटले. म्हणून त्यांनी ते महिनाभर तिच्या गुडघ्यांना चोळले, दारे लावून, वारा लागू नये अशा खोलीत. हाडाचे दुखणे म्हणजे वात, आणि वाताला तेल बाहेरून. उन्हाचे नाव काढल्यावर खुशालरावांनी बैठकीतल्या भिंतीकडे बोट दाखवले होते. तिथे काचेत मढवलेले एक संस्कृत मानपत्र होते, त्यांच्या वडिलांच्या साठीला लिहिलेले. त्यात या घरच्या स्त्रियांना सूर्यदेखील पाहू शकत नाही, असे गौरवाने म्हटले होते. खाली सही मोरोपंतांची.

मोरोपंत पुठ्ठ्याकडे पाहत राहिले. त्या ओळीसाठी त्यांना शालजोडी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी ते परतवाड्याच्या मोटारीने निघाले आणि फाट्यावरून पुढे बैलगाडीने गेले. खुशालरावांच्या अंगणात ऊन भरून वाहत होते. त्यात मिरच्या वाळत होत्या, गाद्या टाकल्या होत्या, तुरीची डाळ पसरली होती, आणि गाभण गाय मुद्दाम उन्हात बांधली होती. या घरातली प्रत्येक किमती वस्तू वर्षातून एकदा तरी उन्हात पडत होती, सून सोडून. मोरोपंतांना राग आला की त्यांचा आवाज अधिक मृदू होत असे. त्या दिवशी तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला.

त्यांनी सगळे सांगितले. खुशालरावांनी सगळे ऐकून घेतले, कारण ते उद्धट गृहस्थ नव्हते. शेतावर कापूस वेचणाऱ्या गोदाबाईला कोरडी भाकर खाऊन सहा मुले झाली आणि तिची कंबर अजून सरळ आहे, हेही मोरोपंतांनी निदर्शनास आणले.

"शास्त्रीबुवा, गोदी मजुरीन हाय," खुशालराव म्हणाले. "तिचं अन् सुनेचं कुठी लावता? सून काय कापसाची पऱ्हाटी हाय, उन्हात उभी कराले?"

"मुलगी मरेल, खुशालराव."

"मलेबी समजते. दोन नातवंडं पुरली मी. पन उद्या गावानं इचारलं, तर मी काय दाखवू? डाक्टरीनबाईचा पुठ्ठा? तुमी पोथीत दाखवा. पोथीत असंन तर कोनाच्या बापाले भेत नाई मी."

आतून पार्वताबाईंनी दाराआडून पुस्ती जोडली: "अन् तेलाचंबी पाहा म्हना त्याच पोथीत."

पोथीत ते नव्हते. मोरोपंतांना सगळ्या पोथ्या ठाऊक होत्या. गर्भिणीने काय खावे, कोणती स्वप्ने शुभ, कोणत्या नक्षत्रावर न्हावे हे सगळे होते, ऊन नव्हते. "पाहतो," एवढेच म्हणून ते परतले.

मोरोपंतांची कीर्ती एका विषयात होती: जुन्या ग्रंथांत मागाहून घुसडलेले श्लोक शोधून काढणे. अशा प्रक्षिप्त श्लोकांच्या त्यांनी नऊ खुणा ठरवल्या होत्या, आणि तीस वर्षांत कित्येक घुसडणाऱ्यांना त्यांनी, मेल्यानंतर का होईना, उघडे पाडले होते. असल्या माणसांविषयी त्यांच्या मनात चोराइतकाही आदर नव्हता. चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असते, असे ते म्हणत.

सकाळी पूजा आटोपून ते मागच्या अंगणात बसले. घरातल्या एका गर्भिणीचर्येच्या पोथीच्या शेवटी दोन कोरी पाने होती, दीडशे वर्षांची, तितकीच पिवळी. त्यांनी काजळाची शाई घोटली, बोरू कापला, आणि तीन श्लोक रचले. पहिल्यात कुलीन गर्भिणीने आडोशाच्या मोकळ्या जागी रोज एक प्रहर सूर्याला अंग दाखवावे, कारण सूर्य हा पुरुष नव्हे, पिता आहे. दुसऱ्यात समुद्रातून आलेले तेल औषध म्हणून मुखाने घ्यावे, त्यात दोष नाही. तिसऱ्यात, ज्या स्त्रीचे मूल पूर्वी अडले असेल तिने नवव्या महिन्यात नदी ओलांडून मोठ्या नगरात वैद्याजवळ राहावे. मग त्यांनी स्वतःचा निबंध उघडून नऊ खुणा एकेक करून तपासल्या. पाचवी सापडली; एक शब्द फार अलीकडचा होता. तो त्यांनी दुसऱ्या कोऱ्या पानावर सुधारला आणि पहिले पान चुलीत घातले.

चारुशीला दवाखान्यातून आली तेव्हा पान उन्हात वाळत होते. तिने ते उभ्यानेच वाचले. तिला संस्कृत येत होते; त्यांनीच शिकवले होते.

"माझं माप खरं होतं, बाबा."

"खरं होतं. म्हणून ते कोणी मानलं नाही."

यावर ती हसली नाही. तिने विचारले, की तिसऱ्या श्लोकात नववा आहे तिथे आठवा करता येईल का. वृत्त बिघडत नव्हते. पण कोरे पान उरले नव्हते, आणि खाडाखोड ही चौथी खूण होती. नववाच राहिला.

खुशालरावांनी पोथीला हात जोडले, आणि आठ दिवसांत मागच्या अंगणात बिनछपराची, उंच कुडाची चौकट उभी राहिली. सिंधू रोज तिथे बसू लागली. तेल पार्वताबाई स्वतः चमच्याने पाजत आणि पाजताना दुसरा श्लोक म्हणत. पौषात सिंधू एकटी उठून उभी राहिली. फाल्गुन अखेरीस पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून पूर्णा नदी ओलांडून ती अमरावतीस आली, आणि चैत्रात चारुशीलेने तिचे पोट कापून मुलगी काढली. दोघी जगल्या. चाल मात्र सुधारली नाही. वाकलेले हाड चुना भरून वाकलेलेच कठीण होते. सिंधू जन्मभर डुलतच चालणार होती, पण चालणार होती.

वर्षभराने खुशालराव शालजोडी घेऊन आले. मोरोपंतांनी ती घेतली नाही; कारण सांगितले नाही. बोलता बोलता खुशालराव म्हणाले, की त्यांच्या व्याह्यांनी आणि आणखी तीन घरांनी पोथीची नक्कल करून घेऊन तशीच चौकट बांधली आहे, आणि हा रिवाज आपल्या घराण्यात पूर्वापारच होता, मध्ये कोणाच्या तरी चुकीने मोडला होता. ते मनापासून बोलत होते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अकोल्याच्या केशवराव नावाच्या संशोधकांचे कार्ड आले. अचलपूरकडे मिळालेल्या एका नकलेत तीन अपूर्व श्लोक आढळले आहेत, ते ग्रंथाच्या प्राचीनतम थरातले दिसतात. प्रक्षिप्ताचे परीक्षक म्हणून शास्त्रीबुवांनी आपले मत कळवावे.

मोरोपंतांनी कार्ड चौरंगावर ठेवले. तिकोनी भोकाचा पुठ्ठा अजून तिथेच होता. चारुशीलेने तो परत मागितला नव्हता. त्यांनी आपल्या निबंधाची प्रत काढली, बासनात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मग उत्तर लिहिले: "पाठ शुद्ध आहे. काळाविषयी मत देण्यास मी पात्र नाही." आणि कार्ड टपालात टाकायला ते स्वतः, भर दुपारी, उघड्या डोक्याने निघाले.