चार बोटं पुढे

महिपतीच्या बोटातली अंगठी शेवटी सोनाराला कापूनच काढावी लागली. कापता कापता सोनार म्हणाला, "काका, अंगठी आवळलेली नाहीये. सांध्यांनी बोट जाड झालंय तुमचं. सगळीच झालीयेत, बघा ना." तो आपला सहज बोलून गेला. महिपती मात्र हडपसरच्या आपल्या शेडपर्यंत जवळजवळ पळतच आला.

मर्दानी खेळाच्या आखूड तलवारी घडवणं हा त्याचा धंदा. धार नसलेल्या, पण हातात घेतल्यावर जिवंत वाटाव्यात अशा. तलवारीचं वजन काट्यावर कळतं, तोल काही कळत नाही. त्यासाठी बापाने घालून दिलेली रीत होती. मुठीला लागून चार बोटं आडवी ठेवायची, आणि चौथं बोट संपेल तिथे तलवार तर्जनीवर टेकवायची. आडवी स्थिर राहिली तर पास. पात्याकडे कलली तर पातं घासायचं, मुठीकडे कलली तर मुठीची चकती. बापाने कधी फूटपट्टीला हात लावला नाही, म्हणून ह्यानेही लावला नाही. उलट कुणी पट्टी काढली की हा गालातल्या गालात हसायचा. आता हसा म्हणावं.

मूठ बदलायला आलेली एक जुनी तलवार खुंटीला होती. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच घडवलेली. तिचा तोल त्याने आधी नुसता तर्जनीवर शोधला, खडूने खूण केली आणि मग मुठीपासून बोटं ठेवली. खूण चौथ्या बोटाखाली झाकली गेली. जाड झालेली चार बोटं आता पाऊण बोट पुढे पोचत होती. म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत त्याने घडवलेली प्रत्येक तलवार पुढे ओढणारी होती.

आणि त्याला तेजस्विनी आठवली.

गेल्या महिन्यात आनंद सरांच्या पथकातल्या ह्या मुलीच्या हातून फिरवताना तलवार सुटली आणि दुसरीच्या कानाजवळून गेली. "काका, ही पुढे ओढते. आत्याकडे तुमचीच जुनी तलवार आहे, मी तिच्यावरच शिकले, ती नाही ओढत," ती म्हणाली होती. सरांनी महिपतीला विचारलं. त्याने सगळ्या तलवारी काट्यावर ठेवून दाखवल्या, सातशे ग्रॅम, एकीत दहा ग्रॅमचा फरक नाही. वर ऐकवलं, "काटा खोटं बोलत न्हाई सर. पोरीचं मनगट कच्चं हाय." त्याच्या शब्दावर सरांनी तिला खेळातून काढलं आणि तिच्या हातात माईक दिला. नऊ वर्षं घाम गाळलेल्या मुलीला निवेदन करायला बसवलं.

तोच कार्यक्रम आज होता. येरवड्याच्या मैदानावर, पाच वाजता.

"नम्रता, गाडी काढ," त्याने सुनेला हाक मारली. जुनी तलवार गोणपाटात गुंडाळून तो स्कूटरवर मागे बसला. मुंढव्याच्या पुलावर नेहमीप्रमाणे सगळं ठप्प होतं.

"बाबा, हलू नका ना, गाडीचा बॅलन्स जातो," नम्रता म्हणाली.

"उतरून चालत जाऊ का?"

"जा की. रात्री पोचाल."

त्याला बसवत नव्हतं. त्या मुलीचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. तेव्हा ती भांडलीही नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत राहिली होती. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त, उशीर होण्याची भीती.

पोचले तेव्हा पंचवीस मिनिटं उरली होती. बारा मुली फेटे बांधून तयार होत्या. महिपतीने आनंद सरांना गाठलं आणि तेजस्विनीच्या देखत सगळं सांगून टाकलं. अंगठी, बोटं, खूण, सगळं. "माझा हात चुकला सर. पोरगी खरं बोलत हुती."

"म्हणजे माझं मनगट ठीक होतं?" तेजस्विनीने विचारलं.

"तुझं येकटीचंच ठीक हुतं."

ती हसली नाही. सरांनी कपाळाला हात लावला. मग जुनी तलवार घेऊन त्यांनी पथकातली सगळ्यात तयारीची मुलगी, संस्कृती, हिच्या हाती दिली. तिने दोन वळसे घेतले आणि तिसऱ्याला तलवार हातातून निसटून मातीत पडली.

"काका, ही खराब आहे," ती म्हणाली. "मागेच राहते."

महिपतीला लगेच उमगलं. ह्या बारा जणी पहिल्या दिवसापासून त्याच्या नव्या तलवारींवरच शिकल्या होत्या. तेजस्विनीने तलवार उचलली आणि हळूच फिरवली. पातं तिच्या भोवती असं फिरलं, की फेटे नीट करणाऱ्या मुली हात थांबवून बघायला लागल्या.

"सुरुवातीला तू एकटी खेळ," सर म्हणाले. "दोन मिनिटं. तुझा हक्क आहे."

तेजस्विनीने बारा जणींकडे पाहिलं. "नको सर. माझ्यानंतर ह्या आल्या तर ह्यांचं सगळं चुकलेलं दिसेल. शो संपू दे, मग सांगू." तिने तलवार महिपतीच्या हातात दिली. "काका, ह्यांच्या मनगटांची ही सवय तुम्हीच सोडवायचीय आता. मी सोमवारी शेडवर येते, पट्टी घेऊन."

ढोल सुरू झाला. महिपती पहिल्या रांगेत बसला, पण खुर्चीच्या काठावर. मुली सुंदर खेळत होत्या, ह्यात शंका नाही. फक्त दर वळशाला पातं पुढे जाताना बाराही मनगटं किंचित खाली दबत होती, सगळी एकदम, कुणी मुद्दाम बसवल्यासारखी. आपली चूक बारा जणींच्या अंगात मुरलेली तो उघड्या डोळ्यांनी बघत होता. लोकांना नेमकी तीच लकब आवडली. "काय झोकदार फिरवतात," शेजारचे गृहस्थ म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले.

शेवटी तेजस्विनीने माईक तोंडाशी नेला. कागदावर लिहिलेलं तिने जसंच्या तसं वाचलं, की ह्या तलवारी हडपसरच्या महिपतीकाकांनी हाताने घडवल्या आहेत, आणि काका आज आपल्यात आहेत. सगळं मैदान टाळ्या वाजवत त्याच्याकडे वळलं. नम्रताने त्याला कोपराने ढोसलं, उठा म्हणून. महिपती मांडीवरची तलवार दोन्ही हातांनी धरून मान खाली घालून बसून राहिला. टाळ्या थांबेपर्यंत तो उठला नाही.