डॉक्टरांचा हात आणि मी, एक तडकलेलं स्टिअरिंग

अहो, काचेतून काय वाकून बघताय? आत या की, दार उघडंच आहे. घाबरू नका, मीच बोलतोय. मी या जुन्या गाडीचं लाकडी स्टिअरिंग. मला चाक म्हणू नका हं! चाकं खाली आहेत, चार, ती चिखलात लोळतात. मी वर बसतो, माणसांच्या हातात. थोडा मिजासखोर आहे, ते माझं मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं ज्याच्या इशाऱ्यावर अख्खी गाडी वळली, त्यानं थोडी मिजास केली तर काय बिघडलं?

माझं लाकूड अक्रोडाचं. ॲल्युमिनियमच्या कड्यावर वरून-खालून लाकडाचे वळवलेले तुकडे चिकटवून मला बनवलं. ज्या सुतारानं घडवलं, तो डोळे मिटून माझ्यावरून गोल हात फिरवायचा. कुठे जरा खरखरीत लागलं की तोंड वाकडं करून पुन्हा घासायला बसायचा. सात वेळा घासलं मला त्यानं. आठव्यांदा हात फिरवला आणि म्हणाला, “जा आता.” बस, एवढंच. लाडबीड काही नाही.

माझा पहिला मालक कापडाचा व्यापारी. माणूस चांगला, पण सदा हातमोजे घालून गाडी चालवायचा. दहा वर्षं रोज भेटलो, तरी त्याच्या हाताची आणि माझी ओळख अशी झालीच नाही. मग त्यानं मोठी गाडी घेतली आणि आम्हाला विकून टाकलं.

घेतलं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांचा दवाखाना नवा, लग्न नवं, आणि गाडी तेवढी जुनी. पहिल्याच दिवशी त्यांनी उघड्या हातानं मला धरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. काय हात होता! छोटासा, कोरडा, हलका. उगाच आवळणं नाही, की मला धरून लोंबकळणं नाही.

तुम्ही लोक माणसं चेहऱ्यावरून ओळखता. आम्हाला चेहरा कुठला वाचता यायला? आमचा सगळा कारभार हातांशी. रस्ता चुकलेला माणूस मला असा आवळतो, जणू मीच चुकलोय. नवराबायकोचं भांडण चालू असलं की चालवणाऱ्याचा अंगठा माझ्या कडेवर उगाच घासत राहतो. आणि “हो हो, पोचतोच पाच मिनिटांत” असं फोनवर सांगणाऱ्याचा तळवा हमखास घामेजतो. हात खोटं बोलत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

डॉक्टरांच्या हातात माझी तीस वर्षं कशी गेली कळलंही नाही. त्यांची लेक याच गाडीत शाळेत गेली, याच गाडीवर गाडी चालवायला शिकली, आणि मोठी होऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागली. डॉक्टरीणबाई शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगायच्या. डॉक्टर तो ऐकायचे नाहीत आणि मग दोघं मिळून मला दोष द्यायचे.

आणि मग एक दिवस डॉक्टरांच्या हातून चूक झाली. एका पोस्टमनची दुखरी दाढ काढायची होती. काढली ती शेजारची, चांगली धडधाकट! चूक तिथल्या तिथे लक्षात आली. डॉक्टरांनी हात जोडून माफी मागितली आणि दुखरी दाढ काढायला त्याला स्वतः दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले. पोस्टमन बिचारा तोंडात कापूस धरून शेजारी बसला होता आणि उलट यांचीच समजूत घालत होता. “जाऊ द्या हो डॉक्टर. मी नाही का कधी एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरात टाकत?”

डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवसापासून दवाखान्याचं शटर खाली. हत्यारं आणली आणि घरच्या कपाटात कुलूपबंद केली. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, “हात थरथरतो माझा.”

साफ चूक! हात थरथरत असता तर सगळ्यात आधी मला कळलं असतं. पोस्टमनला घेऊन जातानाही तो हात माझ्यावर दगडासारखा स्थिर होता. डॉक्टर लबाडी करत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. भीती मनात बसली होती आणि ते तिला हातात शोधत होते. मला हे दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. लाकडाच्या जन्माला येऊन पहिल्यांदा मला वाईट वाटलं ते तेव्हा.

हात थरथरतो म्हटल्यावर गाडीही बंद. वर्षभर आम्ही अंगणात उन्हात उभे. समोरच्या काचेतून ऊन थेट माझ्या अंगावर. लाकूड सुकत गेलं, आणि एका दुपारी डाव्या बाजूला टच्कन आवाज झाला. मी तडकलो. बोटभर लांब भेग पडली.

सुट्टीत लेक आली, हौसेनं गाडीत बसली, आणि भेगेत तिच्या तळहाताची कातडी चिमटली. “आई गं! बाबा, हे बदलायला हवं.”

“बदलायचं कशाला? बुजवतो मी,” डॉक्टर म्हणाले.

आता ऐका हं, यांनी काय केलं ते. लाकडाची भेग म्हटल्यावर माणूस सुताराकडे जाईल की नाही? पण हे पडले दातांचे डॉक्टर! दवाखान्यातून आणलेला दात भरायचा मसाला घरात पडून होता, तोच घेतला. हत्यारांचं कपाट उघडायची हिंमत नाही, म्हणून लोणी लावायच्या सुरीनं तो माझ्या भेगेत थापला. मसाल्याजवळच पडलेला, तो कडक करायचा निळा दिवा वर धरून पक्का केला. माझ्या तपकिरी अंगावर पांढरीशुभ्र दाढ! डॉक्टरीणबाई बघून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

“दिवसातून दोनदा घासायचं का याला?” त्यांनी विचारलं.

हसण्यावारी गेलं असतं, पण पुढे हवा दमट झाली. लाकूड फुगलं, मसाला काही फुगेना. दोघांची आत ढकलाढकली सुरू झाली आणि पांढऱ्या दाढेच्या कडेनं दुसरी भेग निघाली, पहिलीच्या दुप्पट. आता मात्र लेकीनं ऐकलं नाही. तिनं नवं स्टिअरिंग मागवलं. काळं, गुळगुळीत, खोक्यात बसलेलं. “पुढच्या रविवारी येते आणि बसवते,” तिनं फोनवर सांगितलं. “जुनं फेकू नका बाबा. भिंतीवर लावू. मध्ये घड्याळ छान दिसेल.”

माझ्या पोटात घड्याळ! मनात म्हटलं, संपलं आपलं.

पण डॉक्टरीणबाई वेगळ्याच मातीच्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गॅरेजवाल्याला बोलावून मला गाडीतून काढायला लावलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. “चला. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत ना, तुमच्या जुन्या पेशंट, त्यांना दाखवू. त्यांना नाही जमलं तर मग घड्याळ.”

आम्ही बसनं निघालो. डॉक्टर मला मांडीवर घेऊन बसले होते. एका गृहस्थानं राहवेना म्हणून विचारलंच, “बाकीची गाडी मागून येतेय का?”

बाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर उघडीबोडकी व्हायोलिनं टांगलेली, खाली भुश्शाचा थर, आणि सरसाचा वास. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि मला उजेडात धरलं.

“लाकूड अजून भक्कम आहे. आतलं कडंही शाबूत आहे. पण हे काय भरलंय? सिमेंट?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “दातात भरतात ते.”

बाई एका गालानं हसल्या. दुसरा गाल त्या जपत होत्या, ते मला तेव्हाच दिसलं. “डॉक्टर, हे मला नाही काढता येणार. माझी पटाशी लावली तर मसाला राहील आणि लाकूडच उडेल. दातातून कसं काढता तुम्ही हे?”

“ड्रिलनं. हळूहळू.”

“मग आणा ड्रिल. हे काढून द्या, पुढचं मी बघते.”

“मी नाही करणार. हात थरथरतो माझा.”

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, “तसं असेल तर नवंच बसवा. उगाच आशा कशाला लावू?”

बाईंचं खरं होतं. तिथे दुसरं कुणी ते काम करू शकणार नव्हतं. डॉक्टरांनी हत्यार उचललं तर मी वाचणार, नाहीतर भिंत. आणि डॉक्टरांनी आज नाही उचललं, तर मग ते कधीच उचलणार नव्हते. डॉक्टरीणबाईंना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर निघताना त्यांनी मला मुद्दामच बाईंच्या टेबलावर राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एकटेच आले. हातात काळी पेटी. बाईंनी मला कापडात गुंडाळून, लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यात धरलं. डॉक्टरांनी भिंग लावलं, ड्रिल सुरू केलं आणि सवयीनं मला म्हणाले, “थोडं बोचेल हं.”

सुई मसाल्याला टेकली. बारीक पांढरी पूड उडाली. आणि लगेच सुई घसरली, माझ्या अंगावर ओरखडा उठला. डॉक्टरांनी ड्रिल बंद केलं. चेहरा पांढराफटक.

“बघितलंत? हलतोय माझा हात. मी सांगत होतो. नाही जमायचं.”

अहो, मी हलत होतो, मी! शिकंजा ढिला होता! मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, पण लाकडाचं ओरडणं ऐकतो कोण? डॉक्टर पेटी बंद करायला लागले. एक कप्पा मिटला, दुसरा मिटला.

बाईंनी सहज मला हात लावला. मी डुगडुगलो. त्यांनी पुन्हा हलवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे देवा! डॉक्टर, थांबा. तुमचा कसला हात! माझाच शिकंजा नीट आवळला नव्हता.”

त्यांनी दांडा अर्धा फेरा आवळला. मी कडक झालो. “आता बघा.”

डॉक्टर पेटीकडे बघत तसेच उभे राहिले. मग त्यांनी स्वतः मला धरून हलवलं. मी तसूभर हललो नाही. अगदी श्वास रोखून राहिलो म्हणा ना.

पुन्हा ड्रिल सुरू झालं. या वेळी सुई अशी चालली की काय सांगू! मसाल्याचा कण न् कण निघाला, पण लाकडाला धक्का नाही. एका ठिकाणी मसाला आणि लाकूड यांत केसाचं अंतर होतं. डॉक्टर तिथे थांबले, श्वास सोडला, आणि त्या केसाच्या अलीकडून सुई वळवून घेतली. दीड तास! शेवटी त्यांनी फुंकर मारली. माझी भेग स्वच्छ, कोरी.

डॉक्टरांनी आपला उजवा हात समोर धरला. उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत राहिले.

पुढचं काम बाईंचं. एका मोडक्या कपाटाच्या फळीतून त्यांनी अक्रोडाची पातळ चीप कापली, भेगेत बेतून बसवली, सरस भरला, आणि वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. दोन दिवस मी मलमपट्टीत होतो. मग घासणं आणि वार्निशचे पाच हात. डॉक्टर रोज येऊन बसायचे आणि “वाळलं का?” म्हणून बाईंचं डोकं खायचे.

रविवारी लेक आली. तिनं मला दोन्ही हातांनी पिळून पाहिलं, ओढून पाहिलं, नखानं जोड चाचपला. पोरीचा हातही बापासारखाच, हलका आणि संशयी. “बाबा, हे पक्कं आहे,” ती शेवटी म्हणाली. तिनं मलाच गाडीत बसवलं, आणि नवं स्टिअरिंग खोक्यातून बाहेरही न येता परत गेलं. मला त्याची जरा दया आली, खोटं कशाला बोलू?

तेव्हा तुम्हाला एकच सांगणं आहे. घरातलं जुनं काही तडकलं, तर लगेच त्याला भिंतीवर टांगू नका. आधी नीट बघा, तडकलंय की नुसतं ढिलं झालंय. माणसांच्या बाबतीतही हेच म्हणेन, पण तुम्ही म्हणाल, लाकूड शिकवायला लागलं.

बरं, आता उतरा. आज सोमवार, आणि आम्ही दवाखान्यासमोर उभे आहोत. व्हायोलिनवाल्या बाईंनी मजुरी म्हणून एकच गोष्ट मागितली होती. “वर्षभर ही दाढ घेऊन फिरतेय. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, तुम्हीच काढा.” मघाशी सुजलेला गाल धरून माझ्या शेजारच्या सीटवरूनच त्या आत गेल्या. शटर वर करताना डॉक्टरांना दोनदा जोर लावावा लागला.

थांबा, बाई बाहेर आल्या. तोंडात कापूस आहे, पण डोळे हसताहेत. डॉक्टरीणबाई त्यांना रिक्षात बसवून देताहेत. आणि हे डॉक्टर आलेच. दार उघडलं, बसले. गाडी सुरू नाही केली. दोन्ही हात माझ्यावर ठेवले, हलके, कोरडे, आणि पुढे वाकून, गाडीत दुसरं कुणीच नसताना, हळूच म्हणाले,

“बरोबर तीच काढली रे.”