एका कोडवर दोन खानावळी

लातुरात क्लासेसच्या गल्लीत आबेदाची खानावळ जुनी. समोर वर्षाराणीची नवी. पोरं काउंटरवरचा कोड स्कॅन करून मोबाइलवरून पैसे भरत आणि पैसे जमा झाले की काउंटरवरचा स्पीकर मोठ्यानं आकडा सांगे. दोघींकडंही स्पीकर होता, पण समोरचा जास्त बोलायचा. तो बोलला की आबेदाचा हात कणकेत थांबायचा.

"तिनं मुद्दाम आवाज वाढवलाय," ती नवऱ्याला, गुलाम रसूलला म्हणायची.

"तू कान तिकडं लावू नको," तो म्हणायचा.

मग पैशाच्या कंपनीनं नियम बदलला. घरगुती खात्यावर धंद्याचे पैसे चालणार नाहीत. दुकानाचे कागद द्या, व्यापारी खातं काढा, तोवर कोड बंद. आबेदाचा परवाना जुना, तिचं एका दिवसात झालं. वर्षाराणीचे कागद मात्र परत आले. तिचं माहेर-सासर एकाच गावात, आणि ते गाव भूकंपात पडून दुसरीकडं वसलेलं. एका कागदावर जुनं गाव, दुसऱ्यावर नवं.

समोरचा स्पीकर गप्प झाला. आबेदाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दोन दिवसांनी वर्षाराणी पदराला हात पुसत आली. "भाभी, पोरांकडं रोख नसते. माझे कागद होईस्तोवर तुमचा कोड माझ्याकडं लावू द्या. संध्याकाळी हिशेब करू."

गुलाम रसूल म्हणाला, "एक कोड एकाच दुकानाला, असा नियम हाय. आपलं खातं अडकंल."

तरी आबेदा हो म्हणाली. दया आली म्हणून नाही. समोर नेमकं किती जमतं, ते तिला बघायचं होतं.

आता वर्षाराणीची कमाई आबेदाच्याच काउंटरवरून बोलू लागली. मोबाइलमध्ये तर पैसे देणाऱ्याचं नावही दिसायचं. एका दुपारी नाव आलं, भागवत. किनवटचा पोरगा, आबेदाकडं महिन्याचं जेवण लावलेला. त्याला ताप आला तेव्हा तिनं चार दिवस पेज करून दिली होती. गेला आठवडाभर तो 'पोट बरं न्हाई' म्हणून येत नव्हता.

ती रस्त्यात त्याला आडवी गेली. "पोट बरं झालं का रे?"

भागवतनं मान खाली घातली. "मावशी, खोटं बोललो. तिकडं जेवून राहिलो. तिथं भाकरी तव्यावरून ताटात येते. तुमची सकाळचीच राहते."

आबेदाची कानशिलं तापली. संध्याकाळी ती तडक समोर गेली. कंपनी खातं बंद करील, कोड काढ, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

वर्षाराणी चुलीपुढं होती. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, बोटांना फोड. "बसा भाभी," म्हणत तिनं टम्म फुगलेली भाकरी ताटात टाकली, वर ठेचा दिला. आबेदानं घास घेतला. मग दुसरा. भाकरी संपली तरी तिच्यानं कोडचं नाव काढवलं नाही. हिशेबाचे पैसे ताटाशेजारी ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळी भाकऱ्या थापून ठेवणं बंद केलं. जेवणाच्या वेळेला दुसरी चूल पेटवली, भाकरीला एक बाई ठेवली. रात्री कंबर धरायची, पण ताटात भाकरी गरम जायची. हळूहळू पोरं टिकली, दोन नव्या मुलीही जेवायला येऊ लागल्या. भागवत मात्र परत आला नाही. तो दिसला की आबेदा दुसरीकडं बघायची.

महिनाअखेरीला वर्षाराणीचं खातं मंजूर झालं. आबेदाचा कोड परत द्यायला ती स्वतः आली, सोबत शेंगदाण्याचे लाडू. जाता जाता दारात थांबली.

"भाभी, तुमच्या आंबट वरणाची पोरं लई तारीफ करतात. काय घालता?"

आबेदानं सगळं सांगितलं. तूर किती शिजवायची, लसणाची फोडणी कधी द्यायची, गूळ किती. चिंच आधी निखाऱ्यावर भाजून घ्यायची, तेवढं सांगितलं नाही.