डोमाच्या घाटावर कोणी बुडत नाई

पैज अशी लागली, का दिल्लीच्या साहेबासमोर डोमाचं तोंड बंद राह्यते का नाई. डोमा म्हणे, राह्यते. मी म्हणलं, मासोळी झाडावर चढन, पण तुहं तोंड बंद राह्यणार नाई.

डोमा माह्या शेजारी. आमच्या दोघायच्या घरामधात एक कुडाची भिंत, तिकडं त्यानं खोकललं का इकडं माही झोप मोडते. आमच्या कोसमघाट गावच्या घाटावरचा डोंगा, म्हंजे लाकडाची होडी, त्याची. बावीस वरसं झाले, तो गावातले लोक नदीपार करून राह्यला. मी कोलू. मुरमुरे-फुटाणे भाजतो, बजारात विकतो अन् फावल्या वेळात लोकायची फजिती करतो. एकदा मी पटवाऱ्याच्या छत्रीत पावभर मुरमुरे भरून ठेवले होते. पाणी आलं, त्यानं भर बजारात छत्री उघडली, अन् गडी न्हाऊन निघाला. लोक म्हणे, पटवाऱ्याचं दुसरं लगन लागलं. तवापासून तो मले रामराम घालत नाई.

तर ते पंचावन्न साल, माघाचा महिना. गुणवंतराव कागद घेऊन माह्या ओट्यावर येऊन बसले. गुणवंतराव आमच्याकडून जनपद सभेत निवडून गेलते. जनपद सभा म्हंजे आमच्या भागाचा कारभार पाह्यणारी, पण तिच्याजवळ पैसा किती? तिथल्या टेबलाचा पाय मोडला तरी तीन बैठका होत. म्हणून सभेनं दिल्लीले अर्ज टाकला होता. नवी योजना निघाली होती, अर्धा पैसा दिल्लीचा, अर्धी मेहनत गावाची. आमच्या नदीवर दगडाचा रपटा, म्हंजे बैलबंडी जाईन असा साधा पूल, मागितला होता. दिल्लीवाल्यायनं उलट एक कागद धाडला, का हे भरा, मंग आमचा माणूस पाहाले येईल.

"लोकसंख्या भरली," गुणवंतराव म्हणाले, "बंड्या भरल्या, धानाचे पोते भरले. आता इथी इचारलं हाय, पुरात दरसाल किती माणसं बुडतात."

"एक बी नाई," डोमा आपल्या ओट्यावरून बोलला. कोणी त्याले इचारलं नव्हतं.

"म्या अकरा लिवले."

डोमा तिथूनच उठून आला. "अकरा? कोणाच्या घाटावर?"

"डोमा, बस. खालच्या घाटवाल्यायनं नऊ लिवले. रपटा एकच मिळणार हाय. आपण शून्य लिवलं तर साहेब म्हणन, यायले कायले पाह्यजे?"

"बावीस वरसात माह्या डोंग्यातून कोंबडीचं पिल्लू पडलं नाई, गुणवंतराव! माह्या बापाच्या टायमाले बी नाई. अन् तुमी माह्या नावानं अकरा मुर्दे लिवता?"

"तुह्या नावानं नाई रे बाबा, नदीच्या नावानं."

"नदीवर डोंगा कोणाचा हाय?"

गुणवंतरावानं चष्मा काढला अन् धोतरानं पुसला. मंग हळूच म्हणाले, "घरात प्रेमिला हाय ना, कोलू?"

प्रेमिला माही पोरगी. ती घरात होती, आयकत होती. डोमा ओट्यावर टेकला.

आता हे सांगणं भाग हाय. आमचं गाव जंगलाच्या आंगानं, अन् सडक, मूल गावचा दवाखाना, डाक्टर, सारं नदीच्या पल्याड. पावसाळ्याचे तीन महिने आमी म्हंजे बेटावरचे माकडं. गेल्या सावनात प्रेमिला पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. पोट्टं आडवं होतं. सुईण म्हणे, माह्या हाताबाहेरचं हाय, मूलले न्या. आमी तिले खाटेवर घालून घाटावर नेलं. नदी दोन्ही थडी भरून वाहत होती. डोमानं पाण्याकडं पाह्यलं अन् डोंग्याची दोरी सोडली नाई. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणे, "कोलू, मधात गेलो का चौघंही जाऊ." चार दिवस खाट घाटावरच होती, वरून ताडपत्री. पाचव्या दिवशी पाणी उतरलं. प्रेमिला वाचली. पोट्टं पोटातच गेलं होतं.

तवापासून मी अन् डोमानं त्या गोष्टीवर एक शब्द काढला नाई. उलट पह्यल्यापेक्षा जास्त मस्करी करत होतो.

अन् आता प्रेमिलाले पुन्हा दिवस गेलते, अन् सासरच्यायनं तिले इथीच आणून सोडलं होतं. दुसरा महिना. हिशेब साऱ्यायले येत होता, पुन्हा भरल्या पावसात. गुणवंतराव म्हणत होते, मंजुरी आली तर गाव मिळून मिरगाच्या आधी रपटा टाकू, दगड तर नदीतच हाय.

डोमानं माह्या दाराकडं पाह्यलं. मंग म्हणाला, "लिवा अकरा. मी काई बोलत नाई."

तिथीच सोडाले पाह्यजे होतं. पण माही जीभ. मी म्हणलं, "तू अन् चूप? साहेबानं नुसतं 'डोंगा' म्हणलं तरी तू बापजाद्यापासून सुरू करशीन."

"नाई करणार."

"लाव पैज."

"लाव बे!"

शर्त मीच घातली. जो हारला, त्यानं मंगळवारच्या भर बजारात कोरड्या भुईवर डोंगा ठेवून आत बसाचं, दिवस बुडेपर्यंत बांबू मारत राह्यचा अन् 'चला पलीकडं' असं ओरडाचं. जो जिंकला, त्यानं बाजूले उभं राहून टिनाचा डबा वाजवाचा. गुणवंतराव हासले. आतून प्रेमिलाही हासली. लय दिवसानं हासली होती, म्हणून मले वाटलं, पैज चांगली हाय.

साहेब पंधरा दिवसानं आला. जीप पल्याडच्या थडीले थांबली. पाणी कमरेएवढं होतं, डोमानंच त्याले डोंग्यात घालून आणलं. साहेबानं बूट काढून मांडीवर घेतले होते अन् दोन्ही हातानं डोंग्याचे काठ धरले होते. चष्मेवाला, दुबळा, चांगला माणूस वाटत होता. उतरल्यावर त्यानं डोमाले "शाबाश" म्हणलं. डोमाचं तोंड उघडलं, माह्याकडं पाह्यलं, अन् बंद झालं. मी मनात म्हणलं, हे बरं नाई. हा तर जिंकते.

घाटावरच्या मोहाच्या झाडाखाली खाट टाकली होती. गाव गोळा झालं. साहेबानं कागद मांडीवर घेतला अन् एकेक ओळ वाचून खूण करू लागला. बंड्या, ठीक. धान, ठीक. मंग म्हणाला, "डूबे हुए, ग्यारह?"

"जी," गुणवंतराव म्हणाले.

"नाव इसी की थी?" साहेबानं डोमाकडं बोट केलं.

सारं गाव डोमाकडं पाहू लागलं. दातानं ओठ असा धरला होता, का पांढरा पडला. पण बोलला नाई. मुंडी खाली घातली. बावीस वरसाची इज्जत त्यानं त्या कागदाखाली ठेवून देल्ली, अन् कोणासाठी, तर माह्या पोरीसाठी. मले ते दिसत होतं. मी काई आंधळा नाई.

साहेबानं खूण कराले पेन टेकवला.

अन् मी बोललो. आजही गाव म्हणते, कोलूनं पैजेपायी टोचलं. मीही तसंच सांगतो. पण त्या टायमाले माह्या डोळ्यासमोर ना पैज होती, ना साहेब. ती डोंग्याची दोरी होती, त्यानं न सोडलेली.

"साहेब," मी म्हणलं, "ये दारू पीके चलाता है. बाई माणसाले मधात नेऊन बुडवते. अकरा तर कमीच लिवले."

"कोण बुडवते बे?" डोमा असा ओरडला, का मोहावरचे बगळे उडाले. "कोण बुडवते? साहेब, एक बी नाई बुडाला! झूट हाय सब! पूर असला का मी डोंगाच सोडत नाई! याची पोट्टी चार दिवस या इथी खाटेवर तडफडली, हा माह्या पाया पडला, तरी नाई सोडला! पोटातलं पोट्टं मेलं, तरी नाई सोडला! पण बुडाली का? इचारा याले, बुडाली का?"

गर्दीच्या मांगं प्रेमिला उभी होती. तिनं पदर ओढला अन् घराकडं चालू लागली.

साहेबानं गुणवंतरावाकडं पाह्यलं. गुणवंतराव जमिनीकडं पाहत होते. साहेबानं अकरावर आडवी रेघ मारली अन् बाजूले एक शून्य काढलं, चांगलं गोल, वाटीसारखं.

आपण काय केलं ते डोमाले समजलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, बुडाले नाई, पण काठावर वाट पाहत मेले ते? तापाचे, सापाचे, बाळंतपणाचे? ते लिवा ना. ते अकराच्या वर असन."

साहेबानं कागद उलटा-सुलटा केला. खरंच शोधत होता बिचारा. मंग म्हणाला, "उसके लिए इसमें जगह नहीं है, भाई."

डोमानंच त्याले परत पल्याड सोडलं. डोंगा हालला सुद्धा नाई.

गुणवंतराव जाताना माह्याजवळ थांबले. म्हणाले, "जिंकलास गा, कोलू."

चैतात कागद आला. जीवितहानी शून्य, सबब सध्या गरज दिसत नाही. रपटा खालच्या घाटाले मंजूर झाला, अन् पावसाळ्यात आमाले तिथवर जाले वाटच नाई. त्यायच्या नऊ बुडालेल्यायपैकी दोघं पुढच्याच बजारात माह्याजवळ आले अन् उधार फुटाणे मागू लागले. मी देल्ले. मेलेल्या माणसाले काय नाई म्हणाचं?

पैजेचं मी कोणाजवळ काढलं नाई. डोमाही माह्याशी बोलत नव्हता. पण वैशाखातल्या एका मंगळवारी, बजार भरात असताना, त्याची बंडी आली. उन्हाळ्यात नदी आटली म्हंजे बजार आमच्याच गावात भरते, चार गावचे लोक येतात. बंडीवर डोंगा होता. चौघायनं तो उतरवला अन् माह्या दुकानाच्या समोर, धुरळ्यात ठेवला. डोमा आत बसला. बांबू हातात घेतला.

मी पळत गेलो. "डोमा, उठ. माफ हाय. पैज मोडली मी."

"बोली म्हंजे बोली. डबा आण."

"लोक पाहून राह्यले, बाप्पा."

"पाहाले पाह्यजे, हीच शर्त होती ना? तूच घातली. आण डबा."

मी फुटाण्याचा डबा रिकामा केला अन् आणला. डोमानं बांबू भुईत टेकवून जोर लावला. डोंगा जागचा हालला नाई. "चला पलीकडं!" तो ओरडला. घाटावर ओरडते, तसाच. "चला पलीकडं!" बाया हासू लागल्या. परगावचे लोक गोळा झाले. कोणी म्हणे, पाणी खोल हाय का गा? कोणी डोंग्याखाली लोटाभर पाणी ओतलं. पटवारी तर पोट धरून हासत होता, त्यानं पह्यल्यांदा माह्याकडं पाहून मान हालवली. मी डबा वाजवत होतो. चांगला वाजवत होतो, मले ताल हाय.

तेवढ्यात गर्दी बाजूले झाली. प्रेमिला आली. पोट दिसत होतं आता, पाचवा सरत होता. तिनं लुगडं सावरलं, डोंग्याच्या काठाले धरलं अन् आत पाय टाकला. बसली, डोमाकडं तोंड करून.

"काका, सोडा डोंगा," ती म्हणाली. "आता पाणी नाई, भेव नाई. भादव्यात तुमी सोडणार नाई."

डोमाचा बांबू हवेतच राह्यला. तो तिच्याकडं पाहू शकला नाई, माह्याकडं पाह्यलं. मी डबा खाली केला.

"थांबला काऊन बे?" डोमा म्हणाला. "दिवस बुडाला का? वाजव."

अन् त्यानं बांबू भुईत रोवला. "नीट बस, माय," तिले म्हणाला. "काठ धरून बस." मंग पुन्हा ओरडला, "चला पलीकडं!"

दिवस अजून हातभर वर होता. मी वाजवत राह्यलो.